उलट्या अक्षरांचा रुपया

वाचकाचं पत्र (थोडक्यात): काका, गुहागर तालुक्यातून लिहिते आहे. नाव छापू नका. सासूबाईंच्या देव्हाऱ्यात चांदीचे चार जाड, ओबडधोबड रुपये आहेत. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते पंचामृतात घालतो आणि नंतर चिंच लावून लख्ख करतो. यंदा मुलाने त्यांचे मोबाइलवर फोटो काढले, तेव्हा दिसलं की एका रुपयावर एका बाजूला अक्षरं वर आलेली आहेत आणि दुसऱ्या बाजूला तशीच अक्षरं खोल गेलेली, तीही उलटी. चिपळूणला एका प्रदर्शनात तो दाखवला. टेबलावरचा माणूस म्हणाला, "लाखात एक, आत्ता देत असाल तर पंधरा हजार रोख." त्याच्याकडेच डबल छापाचा अंकुशी रुपया (अंकुशाची खूण असलेला, मराठेशाहीतला) नऊ हजारांना होता. मला तो घ्यायचा मोह झालाय आणि अशी चुकलेली जुनी नाणी जमवावीत असंही वाटू लागलंय. यजमान म्हणतात, विकून टाक, नाहीतर उद्या धाकटे भावोजी वाटा मागतील. आणखी एक, आमच्या वाडीत एकाला विहीर खणताना मडक्यात केसांच्या पिनांसारख्या वाकवलेल्या चांदीच्या तारा सापडल्या. "दोन तू ठेव, कुठे बोलू नको," म्हणतो. काय करू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांचा क्रम जरा बदलतो. रुपया इतकी वर्षं देव्हाऱ्यात सुखरूप राहिलाय, आणखी आठ दिवस राहील. विहिरीतल्या तारांचं मात्र आधी बोलायला हवं, कारण त्यात तुम्ही विनाकारण अडकाल.

वर्णनावरून त्या लारी दिसतात. चांदीची तार कापायची, मधोमध दुमडायची आणि त्या जोडतारेवर ठसा मारायचा, असं हे नाणं. मूळ इराणच्या दक्षिणेतल्या लार शहराचं. सोळाव्या-सतराव्या शतकात इराणी आखातापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत आणि खाली मालदीव, श्रीलंकेपर्यंत व्यापारात चालायचं. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाच्या (१६५६ ते १६७२) नावाच्याही लारी आहेत. तुमच्या धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की जे दाभोळ लागतं, ते विजापूरकरांचं मोठं बंदर होतं. तेव्हा तुमच्या बाजूला लारी निघाल्या तर नवल नाही.

पण गंमत बघा. तार असते काही मिलिमीटर रुंद आणि ठसा तिच्यापेक्षा बराच मोठा. एका लारीवर नावाचा एखादा तुकडा उमटतो, दुसरीवर दुसरा. सगळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की मगच मजकूर जुळतो. म्हणजे त्या मडक्याची खरी किंमत ते एकत्र असण्यात आहे. दोन तुम्हाला, दोन मेहुण्याला, चार सोनाराला असं झालं की उरते फक्त भंगाराची चांदी.

आणि कायदा. जमिनीत दडलेलं आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं त्यात लिहायचं. न कळवल्यास त्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "सरकारला कळवलं की सगळं गेलं" ही आपल्याकडची पक्की समजूत, पण कायदा तसं म्हणत नाही. मालक कोणी निघाला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा, असा साधारण नियम आहे. सरकारला ते ठेवायचं असेल तर त्या धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन घेता येतं. म्हणून त्या शेजाऱ्याला सांगा की अर्ज तहसीलमधून वर पाठव आणि पोच घे. तुम्ही मात्र त्या दोन तारा हातातसुद्धा घेऊ नका. फुकट मिळालेलं असलं तरी घेऊ नका.

आता तुमचा रुपया. हा भाग मी जरा सावकाश लिहिणार आहे, कारण पत्र वाचून मलाच तो हातात घेऊन बघावासा वाटला.

टाकसाळीत खालचा ठसा घट्ट रोवलेला असायचा. त्यावर तापवून मऊ केलेली चांदीची चकती ठेवायची, वरचा ठसा हाताने तिच्यावर धरायचा आणि घण घालायचा. घाव बसला की नाणं सुटून बाजूला व्हायचं आणि पुढची चकती यायची. कधी कधी नाणं सुटत नाही, वरच्या ठशाला चिकटून राहतं. कामाच्या धांदलीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. पुढची चकती ठेवली जाते आणि घाव पडतो. आता या चकतीच्या खालच्या अंगावर नेहमीसारखी उठावाची अक्षरं आली. वरच्या अंगाला मात्र ठसा लागलाच नाही, ठशाला चिकटलेलं आधीचं नाणं लागलं. त्या नाण्याची वर आलेली अक्षरं नव्या चांदीत रुतली, म्हणून ती खोल आणि उलटी दिसतात. संग्राहक याला ब्रॉकेज म्हणतात. रोमन काळापासून ते आपल्या मराठेशाहीतल्या रुपयांपर्यंत जिथे जिथे हाताने नाणी पाडली, तिथे तिथे हे घडलेलं आहे.

यातून तुमच्या रुपयाची तपासणीही आपोआप ठरते. मुलाला सांगा, खोलगट बाजूचा फोटो काढ आणि मोबाइलमध्येच आडवा उलटव. अक्षरं आता सुलटी दिसतील. तो फोटो उठावाच्या बाजूच्या फोटोशेजारी ठेवा. खरं ब्रॉकेज असेल तर दोन्हीकडची लिखावट एकाच ठशाची असणार. एखाद्या नुक्त्याची, म्हणजे फारसी अक्षराच्या टिंबाची, जागा, एखाद्या अक्षराचं वळण, एखादं फूल, सगळं सारखं. पण मजकुराचा भाग दोन्हीकडे नेमका तोच असेलच असं नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा आणि आधीचं नाणं त्यावर थोडं डावीकडे बसलेलं, तुमचं थोडं उजवीकडे, असं झालेलं असतं. मजकूर थोडा सरकलेला दिसला तर मला आनंद होईल. आधीच्या नाण्याच्या कडेची एखादी पुसट रेघ खोलगट बाजूला सापडली तर आणखीच.

दोन्हीकडचा मजकूर अगदी बरोब्बर पाठीला पाठ लावून येत असेल, म्हणजे जिथे इकडे अक्षर वर आलंय तिथेच मागे खड्डा असेल, आणि नाणं पातळ असेल, तर ते नाणं नसावं. सोनार पातळ पत्रा ठशात दाबून पुतळ्या करतात, तसला तो दागिन्याचा तुकडा असेल. तुम्ही 'जाड' लिहिलंय, त्यामुळे ही शक्यता मला कमी वाटते. तरी कडेला डाग दिल्याची, म्हणजे कधी कडी जोडली होती अशी खूण आहे का, ते बघा. कोकणात कित्येक रुपये हारात गेले आणि पुढे अडीनडीला हारातून सुटून परत आले.

तिसरी शक्यता लबाडीची. दोन चांगले रुपये एकावर एक ठेवून शेगड्यात, म्हणजे लोहाराच्या व्हाइसमध्ये आवळले की एकाची अक्षरं दुसऱ्यात उलटी रुततात. पण हे करताना मूळ छाप चेपला जातो. खड्ड्यांच्या मधून आधीची उठावाची अक्षरं चपटी होऊन डोकावत असतात आणि मागची बाजूही दबून गुळगुळीत होते. खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला दुसरा कुठलाच छाप कधी नव्हता, त्यामुळे चेपायला काही नसतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दिवा बाजूने धरा आणि खड्ड्यांच्या मधली सपाट जागा बघत बसा. सगळं उत्तर तिथेच आहे. तुमच्या घरात हा रुपया सासूबाईंच्याही आधीपासून असेल, तर व्हाइसवाल्याची शंका मी फारशी घेणार नाही.

वजन करा. पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा छोटा काटा लागेल. अकरा-साडेअकरा ग्रॅम आलं तर रुपयाच्या रांगेत बसतं. शेरशाहाने सोळाव्या शतकात रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास ठरवला आणि पुढे मुघल, मराठे, कंपनी सगळे थोड्या फार फरकाने त्याच वजनापाशी राहिले. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने बांधलेला रुपया पाण्यात बुडवून अधांतरी धरा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने रुपयाच्या वजनाला भागा. समजा वजन ११.३ आणि पाण्यातला आकडा १.०९, तर उत्तर आलं १०.३७. शुद्ध चांदीचं १०.४९ असतं, थोडं तांबं मिसळलेल्या चांदीचं त्याच्या जरा खाली. जर्मन सिल्व्हरचं उत्तर साडेआठच्या आसपास येतं, पितळेचंही जवळपास तेवढंच. उत्तर ११ च्या वर गेलं तर शिशाची शंका घ्या. हे सगळं स्वयंपाकघरात दहा मिनिटांत होतं. सराफाकडे गेलात आणि तो नाणं कसोटीवर घासायला निघाला, तर मात्र त्याचा हात धरा. कडेला पडलेला तो ओरखडा पुढे कायमचा.

ब्रॉकेज ठरलंच तर एक तोटाही असतो. एका बाजूला बादशाहाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला टाकसाळ व सन, अशी या रुपयांची रीत. तुमच्याकडे दोन्हीकडे एकच बाजू आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूची माहिती गेली. बादशाहाची बाजू उरली असेल तर टाकसाळ लिखावटीच्या धाटणीवरून आणि खुणांवरून ओळखावी लागेल. उरलेले तीन रुपये इथे कामी येतील. एकाच घरात एकाच पिढीत आलेले रुपये पुष्कळदा एकाच बाजारातले असतात. चौघांचे फोटो एकत्र ठेवून बघा.

आता तो नऊ हजारांचा अंकुशी. तो घेऊ नका. निदान मी सांगतोय ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

हाताने पाडलेल्या नाण्यांत 'चूक' या गोष्टीचा हिशेब यंत्राच्या नाण्यांपेक्षा वेगळा लागतो, आणि विक्रेते नेमकं हेच झाकतात. १८३५ मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया आणला, चौथ्या विल्यमच्या चेहऱ्याचा. तो यंत्रावर पाडलेला, त्यामुळे सगळे एकसारखे. तसल्या नाण्यावर छाप एका बाजूला सरकलेला दिसला तर ती खरोखर दुर्मिळ गोष्ट आहे. पण त्याआधीच्या हातच्या रुपयावर छाप सरकलेला नसेल तरच आश्चर्य! ठसाच चकतीपेक्षा मोठा, मग मजकूर पुरा येणार कसा? 'ऑफ सेंटर एरर' असं लेबल लावून कोणी मराठेशाहीचा रुपया चढ्या भावाने विकत असेल, तर तो तुम्हाला नारळात पाणी आहे म्हणून जादा पैसे मागतोय. उलट ज्या रुपयावर टाकसाळीचं नाव आणि सन दोन्ही पुरे उतरलेत, त्यासाठी जाणकार धडपडतात.

तसंच कडेच्या चिरांचं. घणाखाली चांदी पसरते आणि कडेला फाटते. ती सर्वसाधारण गोष्ट आहे. तसंच पृष्ठभागावर ठोकलेल्या बारीक खुणांचं, चांदणी, फुली, अर्धगोल, कधी नुसता टोचा. या सराफांच्या खुणा. त्या काळात आपल्या किनाऱ्यावर एकाच बाजारात अंकुशी, चांदोरी, सुरती, जंजिऱ्याच्या सिद्दीचा असे नाना रुपये फिरायचे, प्रत्येकाची चांदी कमीजास्त आणि प्रत्येकाला बदलताना वेगळा बट्टा, म्हणजे कपात. जंजिऱ्याची टाकसाळ तर हलक्या चांदीच्या तक्रारीवरून इंग्रजांनी १८३४ मध्ये बंदच केली. मग सराफ रुपया टोचून बघायचा आणि पारखला म्हणून आपली खूण ठोकायचा. टाकसाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मला स्वतःला अशा खुणांनी भरलेला रुपया फार आवडतो, तो किती हातांतून गेला ते दिसतं. पण त्याला एरर म्हणून विकणं ही शुद्ध थाप.

मजकूर अगम्य झालेला असतो, तेही लक्षात घ्या. मराठा टाकसाळींत रुपयावर दिल्लीच्या बादशाहाचं नाव फारसीतच राहिलं, पण ठसा कोरणाऱ्या कित्येकांना फारसी येत नव्हतं. एकाने दुसऱ्याचं बघून कोरलं, तिसऱ्याने त्याचं. अक्षरांच्या रेघा झाल्या, नुक्त्यांची फुलं झाली. सनाचंही तेच. शाह आलम दुसरा १८०६ मध्ये वारला, पण त्याच्या ४६व्या वर्षाचा आकडा मिरवणारे सुरती छापाचे रुपये कंपनी त्यानंतरही पाडत राहिली. तेव्हा "सन चुकलाय, म्हणून दुर्मिळ" असं कोणी सांगितलं तर आधी तो छाप वर्षानुवर्षं तसाच चालू होता का, हे तपासा.

मग जमवण्यासारखं काय उरतं? पुष्कळ उरतं. मी स्वतः कुठलंही चुकलेलं नाणं हातात आलं की पहिला प्रश्न हा विचारतो, चूक ठशाची आहे की घावाची?

ठशाला तडा गेला, ठशाचा टवका उडाला किंवा कोरणाऱ्याने अक्षर गाळलं, तर तो ठसा बाद होईपर्यंत प्रत्येक रुपयावर तीच चूक उमटत गेली. अशा नाण्याची भावंडं शोधणं हा एक स्वतंत्र छंद आहे. तडा एका नाण्यावर बारीक, दुसऱ्यावर लांबलेला, तिसऱ्यावर टवकाच गेलेला, असे तीन मिळाले तर ठसा कसा झिजत मेला ते क्रमाने मांडता येतं. हे महागही नसतं, कारण बहुतेक विक्रेत्यांचं तिकडे लक्षच जात नाही. ठशात उडालेला टवका नाण्यावर चांदीचा उंचवटा होऊन दिसतो. नाण्यावर खड्डा असेल तर तो बहुतेक नंतरचा मार.

घावाची चूक मात्र एकेकटी असते. ब्रॉकेज, दुहेरी छाप, एकदा पाडलेलं नाणं उलटून पुन्हा ठशाखाली गेलेलं. असं नाणं दुसऱ्या कुठल्याही नाण्याशी तंतोतंत जुळू शकत नाही. म्हणूनच विक्रेत्याच्या ट्रेमध्ये, किंवा इंटरनेटवरच्या फोटोंत, त्याच कोनातला डबल छाप, त्याच जागी कडेची चीर आणि तीच सराफी खूण असलेले दोन रुपये दिसले तर दोन्ही साच्यात ओतलेले समजा. तुमच्या त्या अंकुशीचा फोटो घेतला असेल तर आधी हे शोधा. ओतीव नाण्याचा पृष्ठभाग साबणासारखा बुळबुळीत दिसतो, अक्षरांच्या कोपऱ्यांत बारीक फोड किंवा छिद्रं असतात आणि कडेला कानशीने साफ केलेली शिवण सापडते. घणाच्या नाण्यावर भिंगातून बघितलं तर मध्यापासून कडेकडे चांदी वाहत गेल्याच्या बारीक रेषा दिसतात. त्या ओतून येत नाहीत.

समजा तो अस्सल निघाला. तरी डबल छाप हाताच्या नाण्यांत तसा वारंवार भेटतो. पहिला घाव हलका बसला तर दुसरा घालायचे आणि मधे चकती केसभर सरकायची. अक्षरं नुसती पुसट जोडीजोडीने आली असतील तर त्याला मी साध्या अंकुशीपेक्षा फारसं जास्त देणार नाही. दोन्ही छाप स्पष्ट वाचता येतात, त्यांच्यातला कोन ठळक आहे आणि अंकुशाची खूण दोनदा उमटलीय, असं असेल तर गोष्ट वेगळी. मग पूर्वी अशा नाण्यांना लिलावांत काय मिळालं ते बघून मगच बोला. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा परवाना आणि पक्कं बिल मागा. मागितल्यावर ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडून काही घ्यायचं नाही.

तुमच्या रुपयाला त्याने पंधरा हजार सांगितले. त्याने वजन केलं नाही, भिंग लावलं नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. दोन मिनिटांत रोख रक्कम बोलणारा माणूस एकतर काहीच जाणत नसतो किंवा बरंच जास्त जाणत असतो. दोन्ही वेळा विकायचं नसतं. आधी दोन वेगळ्या जाणकारांचं मत घ्या, ज्यांना तो विकत घ्यायचा नाही अशांचं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईला जाणं होत असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला नाण्यांचा विभाग आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय मुलाला दाखवा. अस्सल नाणं कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं की टेबलावरच्या गोड बोलण्याचा असर निम्मा होतो.

आता एक गोष्ट जरा रागाने लिहितो. चिंच बंद करा. राख, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट, सगळं बंद. दर दिवाळीला तुम्ही त्या रुपयांची अक्षरं थोडी थोडी घासून काढताय. चांदीवर चढलेला काळसर थर घाण नसतो, तो तिला सांभाळतो, आणि नाणं जुनं असल्याची साक्षही देतो. पूजेला सराफाकडून लक्ष्मीच्या छापाचं नवं नाणं आणा, त्याला हवं तेवढं दही-मध लावा. जुने रुपये कोरडे, शेजारी पाटावर ठेवा. लक्ष्मीला चालेल. सासूबाईंना कसं सांगायचं, ते तुम्हीच जाणे! पण "झिजतात हो आई" एवढं म्हटलं तर बहुतेक जुन्या बायकांना पटतं, त्या वस्तू टिकवणाऱ्याच असतात.

यंदाच्या पंचामृताचा अंश अक्षरांत राहिला असेल तर औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा, वाटीत तासभर बुडवा, पाणी बदला, पुन्हा बुडवा. मग मऊ सुती कापडाने नुसतं टिपा, चोळू नका, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. तुमचं घर समुद्राला जवळ असेल तर खारी हवा ही चांदीची पक्की वैरीण. मिठामुळे कधी कधी करड्या मेणासारखा थर धरतो, तो नखाने खरवडू नका. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने पट्ट्याच्या आकाराचा काळा डाग पडतो. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्येही घालू नका, पावसाळ्यात ते चिकट होऊन हिरवट ओशट द्रव सोडतात. साध्या कागदाच्या पाकिटात एकेक रुपया, सगळी पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. आषाढ-श्रावणात त्या पुड्या बदला.

यजमानांचा मुद्दा राहिला, भावोजींच्या वाट्याचा. तो मुद्दा खरा आहे आणि त्यात विकण्याची घाई करण्यासारखं काही नाही. सासूबाई आहेत तोवर रुपये त्यांच्या देव्हाऱ्यातले. चौघांचे फोटो, वजन आणि "हे अमुक घरातले देवाचे रुपये" असा कागद करून सगळ्या भावंडांना पाठवून द्या. लपवलेल्या वस्तूवरून भांडणं होतात, माहीत असलेल्या वस्तूवरून कमी. पुढे कोणाला हवा असेल तर रुपये चार आहेत. उलट्या रुपयावरून ओढाताण झाली तर जाणकाराकडून लेखी किंमत करून ज्याने ठेवायचा त्याने इतरांना पैसे द्यावेत. सासूबाईंना मात्र आजच विचारून ठेवा की हे रुपये कुठून आले, कोणाच्या माहेरचे, कोणत्या बाजारातले. ते कुठल्याही भिंगातून दिसत नाही.

छंदाचं म्हणाल तर खुशाल सुरू करा, पण पहिलं वर्ष विकत घेण्यात घालवू नका, बघण्यात घालवा. तुमच्याकडे चार रुपये आधीच आहेत, त्यांवरचं एकेक अक्षर ओळखा. 'जुलूस' (राज्यारोहण), 'ज़र्ब' (अमुक टाकसाळीत पाडलं), 'शाह आलम' एवढे तीन शब्द फारसीत ओळखता आले तरी पुष्कळ दरवाजे उघडतात. मुलाने फोटो काढून सगळं सुरू केलंय, तेव्हा भिंग त्याच्याच हातात द्या. आणि घरखर्चातून पैसे काढून नाणी घेऊ नका. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाका आणि ती साचल्यावरच बाजारात जा, म्हणजे यजमानांशीही वाद नाही.

मला फोटो पाठवाल तेव्हा उजेड डाव्या बाजूने तिरका येऊ द्या, फ्लॅश नको. दोन्ही बाजू, आणि कडेचाही एक फोटो. शेजारी शाळेची पट्टी ठेवा. वजन आणि पाण्यातला आकडा खाली लिहा. उरलेल्या तीन रुपयांचेही तसेच.